खिडकी बंद ठेवण्याचं कलम

रविवारी सकाळी दहाला आत्याने दवाखान्याचं कुलूप काढलं, तेव्हा आज आपल्याला काढणार आहेत हे तिला पक्कं ठाऊक होतं. तसं कोणी म्हणालं नव्हतं. या घरात कोणी काही म्हणतच नसे, सगळ्यांच्या वतीने आत्यालाच म्हणावं लागे. आणि आपल्याला काढल्याची बातमी आपणच कशी सांगायची, हे एकतीस वर्षांत तिला कधी शिकावं लागलं नव्हतं.

तिने झाडू मारला, मालकांसाठी ठेवलेली बाकं पुसली, वजनकाटा शून्यावर आहे का ते पाहिलं. बैठक घरी न घेता इथे घ्यायची ही टिटवीची अट होती. टिटवी म्हणजे थोरल्या भावाची मुलगी, आत्याची एकुलती एक भाची. जन्मल्यावर पहिला आठवडा तिने असा काही सूर लावला होता की शेजाऱ्यांनीच हे नाव ठेवलं, आणि आता ती जनावरांची डॉक्टर झाली तरी ते सुटलं नाही. पास होऊन तीन आठवडे झाले होते. पदवीचा कागद अजून नळकांड्यात गुंडाळलेलाच होता, पण दुसरा एक कागद तिने बुधवारी जेवणाच्या टेबलावर ठेवला होता. घरच्या दवाखान्यात काम करायचं तर या अटींवर. चार कलमं, खाली सह्यांसाठी रेघा. घरी मी मुलगी आहे आणि दवाखान्यात डॉक्टर असणार आहे, तेव्हा बोलणी दवाखान्यात, असं सांगून ती ताट उचलून निघून गेली होती.

पहिल्या कलमात कामाचे तास, आठवड्याची सुट्टी आणि पगार. दुसऱ्यात, पहिले सहा महिने ती ऑपरेशन करत असताना बाबा किंवा काका शेजारी उभे राहतील. फोनवर नव्हे, शेजारी. तिसऱ्यात, जे येत नाही ते येत नाही असं मालकाला सांगून जनावर दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवण्याची मुभा, आणि तसं केल्यावर घरात कोणी तोंड पाडून बसणार नाही याची हमी. ही तीन कलमं वाचताना आत्या खूश झाली होती. पोरीला अक्कल आहे, असं तिने वहिनीला म्हणूनही दाखवलं. मग तिने चौथं वाचलं. 'मी जनावर तपासत असताना खिडकी बंद राहील. मालकाशी मी स्वतः बोलेन.'

तपासणीची खोली आणि काउंटर यांच्यामधल्या भिंतीत, छातीच्या उंचीवर, हातभर रुंदीची ती खिडकी होती. तिला सरकतं लाकडी झाकण होतं. आबांनी ती भिंत फोडून करून घेतली. आबा म्हणजे हा दवाखाना काढणारे, या तिघा भावंडांचे वडील, जाऊन आठ वर्षं झालेले. हात असा की बुजलेलं घोडं त्यांच्यापुढे उभ्या उभ्या पेंगायला लागे, पण माणूस समोर आलं की त्यांची जीभ अडायची. पहिलंच अक्षर दातांमागे अडकून बसे, आणि मालक घड्याळाकडे पाहायला लागत. शेवटी त्यांनी खिडकी पाडली, पलीकडे अठरा वर्षांच्या मुलीला बसवलं आणि आत जे पाहिलं ते तिला दोन शब्दांत सांगू लागले. तिच्याशी बोलताना ते अडखळत नसत. मुलगी ते दोन शब्द घेऊन बाहेर बाकावर मालकाशेजारी जाऊन बसे आणि माणसाला समजेल असं सांगे.

आबांची अडचण होती. त्यांच्या दोन्ही मुलांना कसलीच अडचण नव्हती. दोघांच्याही जिभा धडधाकट, धाकट्याची तर गरजेपेक्षा जास्तच. पण दोघे डॉक्टर झाले आणि दोघेही बापासारखेच खिडकीत बोलू लागले, कारण ते सोयीचं होतं. कुत्रा वाचणार नाही हे खिडकीला सांगितलं की खिडकी रडत नाही. बापाची अडचण होती, पोरांनी तिची परंपरा केली. घराण्याच्या परंपरा म्हणून ज्यांच्याबद्दल लोक आवाज खाली आणून बोलतात, त्यांतल्या निम्म्या अशाच कोणाच्या तरी आळसातून जन्मलेल्या असतात.

थोरला खिडकीत वाकून म्हणायचा, "मूत्रपिंड." बस, एवढंच. पुढचा अर्धा तास आत्याचा.

अशा घरात टिटवी वाढली, आणि त्याचं फळ गेल्या महिन्यात दिसलं. ती शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या रुग्णालयात मुलाखतीला गेली होती. तिथे नुसते प्रश्न विचारत नाहीत. खरं जनावर देतात, खरा मालक समोर बसवतात आणि तीन मोठे डॉक्टर कोपऱ्यात उभे राहून बघतात. टिटवीला एक मांजर दिलं, खाणं सोडलेलं. तिने चार मिनिटांत दुखणं शोधलं, जे आधीच्या तिघा उमेदवारांना सापडलं नव्हतं. मग हातमोजे काढले, मालकाला ओलांडून सरळ भिंतीपाशी गेली आणि भिंतीला म्हणाली, "उजवी दाढ. काढावी लागेल." आणि भिंत पुढचं बघून घेईल म्हणून शांतपणे हात धुवायला लागली. तिन्ही डॉक्टरांनी भिंतीकडे पाहिलं. मालकानेही पाहिलं. भिंतीवर एक कॅलेंडर होतं.

ही गोष्ट टिटवीने घरी स्वतःच सांगितली आणि धाकटा काका इतका हसला की त्याला ठसका लागला. आत्याही हसली. मग तिने भाचीकडे पाहिलं. ती हसत नव्हती. रुग्णालयाने तिला नोकरी देऊ केली होती, पण पहिले सहा महिने फक्त काउंटर आणि फोन. आधी माणसांशी बोलायला शिका, मग जनावरं देऊ. होय की नाही ते रविवारी संध्याकाळी सहापर्यंत कळवायचं होतं.

आता रविवार उजाडला होता.

धाकटा भाऊ पहिला आला. खांद्याला बॅडमिंटनची पिशवी, हातात बिस्किटांचा डबा. त्याच्यामागून थोरला आला, कोणाकडे न पाहता मालकांच्या बाकावर बसला आणि गुडघ्यांवर हात ठेवून वाट बघायला लागला, जणू त्याच्याच जनावराचा नंबर लागायचा होता. वहिनी, म्हणजे टिटवीची आई, कागदांची फाइल घेऊन आली. ती एका कारखान्यात नोकरभरतीच्या खात्यात होती. लोकांना कामावर घेण्याचे आणि काढण्याचे कागद तिच्या हाताखालून जात. शेवटी टिटवी आली. आत्याने सगळ्यांना चहा दिला आणि सवयीने काउंटरमागच्या आपल्या खुर्चीवर जाऊन बसली. मग तिला वाटलं, हे बरं दिसत नाही. पण उठून कुठे बसायचं हे न सुचल्याने ती तिथेच राहिली.

धाकट्याने सुरुवात केली. त्याचा भाचीला, म्हणजे त्याच्या पुतणीला, पूर्ण पाठिंबा होता. जग बदललं, नव्या पोरांना कागदावर सगळं लागतं आणि ते योग्यच आहे, हे तो म्हणे कित्येक वर्षं सांगत होता. कोणाला सांगत होता ते कोणी विचारलं नाही. वहिनीने मग कलमं वाचायला घेतली. वाचताना ती 'उभयपक्षी' म्हणाली, 'पूर्वसूचना' म्हणाली, 'परस्पर संमतीने' म्हणाली, आणि आत्याच्या डोक्यात उजेड पडला.

"हे तुम्ही लिहिलंत ना, वहिनी?"

"शब्द माझे," वहिनी म्हणाली. "अटी तिच्या. चौथीबद्दल मी तिला म्हटलं होतं, विचार कर."

"केला," टिटवी म्हणाली.

आत्याने चहाचा घोट घेतला. तीस वर्षं वहिनीशी तिचं गुळपीठ होतं असं नाही, पण वैरही नव्हतं. एका घरात दोन शहाण्या बायका जेवढं अंतर ठेवून राहतात तेवढं अंतर होतं. आज ते अंतर एका कागदाएवढं वाढलं. धाकटा तिकडे, वहिनी तिकडे. राहिला थोरला. त्याच्यावर तिची भिस्त होती. मालकांशी बोलायची वेळ आली तर दादा मरेल, असं तिला मनापासून वाटत होतं.

पण आधी फुटला तो धाकटा. दुसऱ्या कलमाचा अर्थ त्याला दुसऱ्या वाचनात कळला. ऑपरेशनं दुपारी चारनंतर असतात, आणि चारला तो बॅडमिंटनला जातो. सहा महिने शेजारी उभं राहायचं म्हणजे कोणी, असं त्याने विचारलं. थोरल्याच्या कमरेचं दुखणं सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे सगळ्यांनी उत्तर म्हणून त्याच्याच पिशवीकडे पाहिलं. मग त्याला एकदम आबा आठवले. आबांच्या शेजारी कोण उभं राहिलं होतं, आबांनी कधी कागद केला होता का, घर म्हणजे काय कारखाना आहे का. आणि खिडकी, ती तर आबांची आठवण, तिला हात लावायचा म्हणजे काय. बोलता बोलता तो उठून काउंटरपाशी आला आणि आत्याच्या बाजूला उभा राहिला.

आत्याला असला साथीदार नको होता. तिने त्याच्यापुढून बिस्किटांचा डबा उचलून पलीकडे ठेवला.

वहिनीने नवऱ्याला विचारलं, तुमचं काय मत. थोरल्याने बराच वेळ वजनकाट्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "बघू."

आणि तिघांनीही आत्याकडे पाहिलं. धाकट्याने, वहिनीने, अगदी टिटवीनेसुद्धा. माना आपोआप वळल्या. थोरला बोलला की त्याचा अर्थ आत्या सांगणार, हे एवढं अंगवळणी पडलेलं होतं. आत्याने तोंड उघडलं.

"दादाला म्हणायचंय की..."

"आत्या," टिटवी म्हणाली, "बाबांना काय म्हणायचंय ते बाबा म्हणू देत ना."

आत्याची कानशिलं तापली. तिने आवाज चढवला नाही, तिला तशी सवय नव्हती, पण ज्या शांतपणे ती बोलली तो शांतपणा घरच्यांनी क्वचितच ऐकला होता. एकतीस वर्षांत या दारातून एक तरी मालक न समजता बाहेर गेला का, ते सांगा, असं ती म्हणाली. कॉलेजात पुस्तकं पाठ केली म्हणून माणसं कळत नाहीत. कुत्र्याला काय झालं हे सांगायचं नसतं, आता घरी जाऊन काय करायचं ते सांगायचं असतं. पहिल्याच दिवशी तू कोणाला तरी घाबरवून सोडशील आणि तो माणूस पुन्हा या दारात पाय ठेवणार नाही.

"हो," टिटवी म्हणाली. "सोडेन. म्हणून तर शिकायचंय. पाच वर्षांत आम्हाला गाईच्या पोटाचे कप्पे शिकवले. गाय मेली तर गाईवाल्यासमोर उभं कसं राहायचं ते एका तासात पण नाही शिकवलं. आणि घरी आले तर इथे खिडकी. मी भिंतीशी बोलून आलेय, आत्या. लोक कॅलेंडर बघत होते. तुझी चूक आहे असं मी म्हणत नाही. पण सवय तुझ्यामुळेच लागली."

खरं बोलणारं माणूस घरातच निघालं की त्याला उद्धट म्हणून गप्प करायची सोय असते. आत्याच्या जिभेवर तो शब्द आलाही होता. पण दारावरची घंटा वाजली.

रविवारी दवाखाना बंद असतो, पण आत माणसं दिसली तर घंटा वाजवायला पाटी आड येत नाही. दारात पोहायला शिकवणाऱ्या बाई उभ्या होत्या. ओळखीच्याच. तलावाच्या या टोकावरून त्या टोकापर्यंत शिट्टीविना आवाज पोचवणारी ही बाई आज कुजबुजत होती. तिच्याबरोबर तिचा पिवळा कुत्रा होता, जाडजूड, शेपूट हलवत, जगावर खूश. त्याने तासाभरापूर्वी पोहण्याची टोपी गिळली होती. तिच्या डोळ्यांदेखत. कापडी, आख्खी.

टिटवीने बापाकडे पाहिलं, मग काकाकडे, मग आत्याकडे. आत्याला तिच्या नजरेचा अर्थ कळला. तिने उत्तर दिलं नाही. ती खुर्ची वळवून बसली आणि खिडकीचं झाकण ओढून घट्ट बंद केलं. होऊन जाऊ दे, असं तिच्या मनात आलं. आणि खरं सांगायचं तर, पोरीची जरा जिरावी, असंही आलं. एकोणपन्नासाव्या वर्षी माणूस संत नसतं.

झाकण लाकडाचं होतं, भिंतीसारखं जाड नव्हतं. पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. कुत्र्याची नखं टेबलावर वाजली. पोट दाबून पाहताना तो लाडाने कुरकुरला. मग पावलं खिडकीच्या दिशेने आली आणि थांबली. बंद झाकणासमोर टिटवी उभी आहे, हे आत्याला न बघता दिसलं. पावलं परत फिरली.

मग टिटवी बोलायला लागली, आणि आत्याने डोळे मिटून घेतले. आमाशयात बाह्य वस्तू आहे. ती पुढे सरकून आतड्यात अडकू शकते. अडकली तर आतड्याचा रक्तपुरवठा थांबतो, तो भाग निकामी होतो, फाटतो, पोटात विष पसरतं, आणि अशा केसेसमध्ये मृत्यूचं प्रमाण... ती पुस्तकातलं पानच्या पान वाचून दाखवत होती. सगळं खरं. एकही शब्द चुकीचा नाही. ऐकणाऱ्या बाईचा श्वास मात्र झाकणापलीकडेही ऐकू यायला लागला.

"म्हणजे मरणार का तो?" बाईंनी विचारलं.

"तसं नाही. म्हणजे, शक्यता..." टिटवी अडखळली. "म्हणजे, जर..."

खिडकीवर थापा पडल्या. "ताई," बाई पलीकडून म्हणत होत्या, "ताई, आहात ना तुम्ही? ही काय म्हणतेय मला कळत नाहीये. तुम्ही सांगा."

आत्याचा हात झाकणाच्या कडीवर गेला. एक बोट सरकवलं की काम झालं असतं. चौथं कलम तिथेच फाटलं असतं, आणि ते तिने फाडलं असं कोणी म्हणालं नसतं. मालकिणीनेच हाक मारली होती. मागे धाकटा टाचा उंचावून बघत होता, आता उघडेल, मग उघडेल.

पण आत टिटवी अजून शब्द शोधत होती. "म... म्हणजे..." आणि आत्याला तो आवाज ओळखीचा वाटला. असंच कोणी तरी या खोलीत पहिलं अक्षर शोधत उभं असायचं. ही खिडकी नवी होती तेव्हाची गोष्ट. पहिल्या दिवशी आबा एका मेंढपाळासमोर अडखळले आणि तिने मोठ्या उत्साहाने पलीकडून उत्तर देऊन टाकलं. सगळ्यांना किती हायसं वाटलं. त्यानंतर तेवीस वर्षं, मरेपर्यंत, आबा एकाही मालकाशी बोलले नाहीत. थोडं थांबली असती तर बोलले असते का? पाच मिनिटं लागली असती, दहा लागली असती. मेंढपाळाला तशी कुठे घाई होती. हा प्रश्न तिने कधी स्वतःला विचारला नव्हता, कारण त्याचं उत्तर तिच्या खुर्चीच्या विरुद्ध जाणारं होतं.

तिने कडीवरून हात काढला.

"तिलाच विचारा," ती बंद झाकणाला म्हणाली. "तिला वेळ द्या. तिला येतं."

पलीकडे स्टूल ओढल्याचा आवाज आला. टिटवी खाली बसली असावी, कारण तिचा आवाज आता खालून येत होता.

"मी उगाच शेवटचं पान आधी वाचलं," ती म्हणाली. "परत सांगते. टोपी अजून पोटात आहे, पुढे गेलेली नसावी. मी त्याला एक इंजेक्शन देते, त्याने त्याला उलटी होईल. बहुतेक वेळा वस्तू बाहेर येते. त्याला पाच-दहा मिनिटं मळमळेल, तुम्हाला बघवणार नाही, पण त्याच्याजवळ बसा, त्याला बरं वाटेल. नाहीच आली तर फोटो काढू, आणि पोट उघडावं लागलं तर मी एकटी उघडणार नाही, माझे बाबा शेजारी उभे असतील. देऊ का इंजेक्शन?"

"द्या," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज तलावावरचा झाला होता.

आत्या खुर्चीत मागे टेकली. 'उगाच' हा शब्द तिचा होता. 'तुम्हाला बघवणार नाही, पण जवळ बसा' हेही तिचंच. पोरीने इतकी वर्षं ऐकलं होतं तर.

सात मिनिटांनी आतून एक ओकारी, एक किंकाळी आणि मग हसणं ऐकू आलं. पिवळ्या कुत्र्याने निळी टोपी बाहेर काढली. मग जरा विचार करून एक लालही काढली. लाल टोपी दहा दिवसांपासून हरवलेली होती, आणि तिच्यावरून बाईंनी आपल्या वर्गातल्या एका सत्तरीच्या गृहस्थांवर संशय घेऊन त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. आता त्यांची माफी कशी मागायची, असं त्या टिटवीला विचारत बाहेर आल्या. टिटवीने त्यांना दोन दिवस काय खायला घालायचं ते सांगितलं, कशावर लक्ष ठेवायचं ते सांगितलं, आणि काही वेगळं वाटलं तर कुठल्या नंबरवर फोन करायचा तेही. सगळं सांगताना ती बाईंकडे पाहत होती.

निघताना बाई काउंटरवर वाकल्या. "ताई, पोरगी चांगली आहे," त्या म्हणाल्या. ही त्यांची कुजबुज, म्हणजे रस्त्यावर ऐकू गेली. "पण तुम्ही कसं सांगता ते शिकवा हो तिला. तीन मिनिटं माझा कुत्रा मेला होता."

त्या गेल्या. टिटवी दारात उभी होती, कोटावर निळसर डाग, कान लाल. धाकट्याने संधी साधली. त्याने घसा साफ करून म्हटलं की बघा, सिद्ध झालं, मालकांनाही ताईच हव्या आहेत, तेव्हा चौथं कलम काढावं आणि त्याबरोबर दुसरंही.

"चौथं राहील," आत्या म्हणाली.

धाकटा तिच्याकडे बघतच राहिला. आपण जिच्या बाजूने उभे आहोत तीच बाजू बदलून गेली, हे त्याच्या पचनी पडायला वेळ लागला.

"आणि दुसरंही राहील. चारऐवजी साडेसहाला खेळायला जा. दमलेला असशील तर हरशील, बाकी काही होणार नाही." मग ती वहिनीकडे वळली. "वहिनी, कोरा कागद आहे का?"

वहिनीने फाइल उघडली. कशाला ते विचारलं नाही.

"माझाही करार लिहा."

एकतीस वर्षांत तिच्यासाठी कोणी एक ओळ लिहिली नव्हती, हे तिला चहा ओततानाच जाणवलं होतं. पोरीने कामावर यायच्या आधीच चार कलमं मांडली, आणि हिने सगळं आयुष्य या खुर्चीत काढून सुट्टीचा दिवसही मागितला नव्हता. सुट्टी घेतली तर भाऊ बोलणार काय. तिला हवं तेव्हा पैसे मिळत, पण पगार असा नाही. औषधाच्या खोक्यात ठेवलेले असत, घे म्हणत. घरचं माणूस म्हटलं की त्याला फुकटात वापरायची मुभा सगळ्या जगाने घेतलेली असते, आणि घरचं माणूसही त्यालाच मान समजतं.

आत्या सांगत गेली आणि वहिनी लिहीत गेली. आठवड्याची एक सुट्टी. दर महिन्याला ठरलेला पगार, खोक्यात नाही, हातात. रोज सकाळी दवाखाना उघडण्याआधी एक तास ती टिटवीला मालकांशी बोलायला शिकवेल. आत्या मालक होईल, रडका, भांडखोर, अर्धवट ऐकणारा, खोटं बोलणारा, सगळे, आणि टिटवी डॉक्टर. त्या तासाला दोन्ही भाऊ हजर राहतील. बघायला नाही, शिकायला. सहा महिन्यांनी खिडकी त्यांच्यासाठीही बंद.

हे ऐकून थोरल्याने प्रथमच मान वर केली. धाकट्याने बिस्किटांचा डबा शोधला.

"तू मला शिकवशील?" टिटवीने विचारलं. "मला वाटलं तू कायमची रुसशील."

"रुसणारच आहे," आत्या म्हणाली. "सकाळच्या तासानंतर."

टिटवीने तिथेच उभ्या उभ्या मोठ्या रुग्णालयाला फोन लावला. आभार मानले, येऊ शकत नाही म्हणाली, का ते दोन वाक्यांत सांगितलं आणि तुम्ही बोललात ते बरोबर होतं असंही म्हणाली. आत्या ऐकत होती. दोन वाक्यांची तीन करायला हवी होती, पण नाही म्हणायची रीत बरी होती. उद्या पहिल्या तासाला हेच घ्यावं, असं तिने ठरवलं.

वहिनीने दुसरा कागद सुवाच्य करून लिहायला घेतला. तिच्या कारखान्यातल्या नमुन्याप्रमाणे वर रकाने आखले. हुद्दा या शब्दापाशी तिचं पेन थांबलं.

कोणालाच सांगता येईना. धाकट्याने 'काउंटर सांभाळणारी' असं सुचवलं. आत्याने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, आणि त्याने ते मागे घेतलं. वहिनीने 'व्यवस्थापक' म्हटलं. आत्याला ते खुर्च्या-टेबलं मोजणाऱ्या माणसासारखं वाटलं. टिटवी म्हणाली 'संवाद प्रशिक्षक', तर आत्या म्हणाली की हे कुत्र्यांच्या शाळेतलं वाटतं, बस म्हटलं की बसायचं.

थोरला खाकरला.

सगळ्यांच्या माना सवयीने आत्याकडे वळल्या. आत्याने मुद्दाम खाली पाहिलं आणि फरशीवरचे कुत्र्याचे ओले ठसे मोजायला लागली. मग माना सावकाश थोरल्याकडे फिरल्या. तो बाकावरून उठला. कमरेवर हात ठेवून सरळ झाला. किती तरी वेळ गेला. कोणी मधे बोललं नाही.

"आबा एकदा म्हणाले होते," तो म्हणाला, "दवाखाना हिचा आहे. आपण दोघं आत काम करतो, एवढंच. लोक आपल्याकडे येत नाहीत, हिच्याकडे येतात, जनावर घेऊन." त्याने श्वास घेतला. एवढी वाक्यं त्याने सलग कधी बोलली होती हे घरात कोणाला आठवेना. "ते मी हिला सांगायला हवं होतं. आबा गेले त्या वर्षीच. पण खिडकीत वाकून सांगण्यासारखं नव्हतं ते."

ठसे मोजताना आत्याचा हिशेब चुकला. तिने पहिल्यापासून मोजायला घेतले.

वहिनीने डोळ्यांवरचा चष्मा वर सरकवला आणि रकान्याकडे पाहिलं. तो दोन बोटं रुंद होता.

"अहो, हे एवढं हुद्द्यात मावायचं नाही," ती म्हणाली.

"मावेल," थोरला म्हणाला. "बारीक लिही."